एमएसच्या पेशंटला गांजा नकोय, मोजून दिलेलं औषध हवंय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या पंधरवड्यात आपल्या पेपरच्या आरोग्य पानावर एक चौकट आली होती, गांजाच्या तेलानं एमएस बरा होतो अशा अर्थाचा मथळा आणि खाली पाचसहा ओळी. सकाळी सातला पेपर पडला आणि नऊ वाजेपर्यंत मला तिचे फोटो व्हॉट्सॲपवर सहा जणांनी पाठवले, मेहुण्यानं, चुलतभावानं, यार्डातल्या एका तोलाईदारानं सुद्धा. सगळ्यांनी चांगल्या मनानंच पाठवले, कारण माझ्या बायकोला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार आहे हे त्यांना माहिती आहे. तिनं पण वाचली. वाचून पेपरची घडी करून उशीखाली ठेवली आणि मला काही बोलली नाही. दुपारी जेवायला घरी आलो, भाकरी मोडता मोडता म्हणाली, अहो, हे खरं असंल का हो? मला तिच्याकडं बघून उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र लिहितोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, डॉक्टर नाही. पण गेली दहा वर्षं या आजाराबरोबर राहतोय, मिरजेच्या न्यूरो डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलंय, माझा पुतण्या फार्मसीला आहे त्यानं बसून इंग्रजीतले पेपर वाचून दाखवलेत. तुमच्या त्या चौकटीतलं अर्धं खरं आहे आणि अर्धं अजिबात खरं नाही, आणि जे खरं आहे ते आमच्यासारख्यांच्या हातात अजून पोचलेलंच नाही.

तिला २०१३ साली उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं, वय तेव्हा ३१. डोळा फिरवला की दुखायचा, लाल रंग फिका दिसायचा, आरशात बघून म्हणायची कुंकू विटल्यासारखं का दिसतंय. तीन आठवड्यांत आपोआप बरं वाटलं आणि आम्ही विसरून गेलो. दोन वर्षांनी पाय जड व्हायला लागले, मुंग्या, चालताना पायातली चप्पल मागं राहायची आणि हिला पत्ताच नसायचा. कुणी मणक्यात गॅप सांगितला, कुणी बी-बारा कमी म्हणून इंजेक्शनं दिली, आईच्या आग्रहानं गावाकडं देवऋषाकडं पण नेऊन आणलं. शेवटी मिरजेत एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासलं आणि आजाराचं नाव कळलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातनं माणसं येतात, पण तिथं बाकावर बसल्यावर सुद्धा एमएस म्हटलं की शेजारचा विचारायचा, म्हणजे लकवा का?

लकवा नव्हे. आपलीच रोगप्रतिकारशक्ती उलटते आणि मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं वेष्टण खराब करत जाते, मग मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही, कधी उशिरा पोचतो, कधी अर्धाच. जगात साधारण २८ लाख लोकांना आहे, बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट तिप्पट, आणि सुरुवात बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत, म्हणजे नेमकं पोरं लहान असताना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार घातले त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, तरी दाखला काढायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसानं स्पेलिंग विचारलं होतं. असो.

आता रात्रीचं सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथंच आहे.

दीड दोनच्या सुमाराला तिचे पाय आखडतात. गुडघे ताठ होतात, टाचा गादीत रुततात, पंजे खाली वळतात आणि दोन्ही मांड्या अशा चिकटतात की मध्ये तळहात जात नाही. मी उठतो, एक हात गुडघ्याखाली, एक टाचेखाली घालतो आणि पाय वाकवायला लागतो, पण हळू, अगदी हळू, जरा झटका बसला की दुप्पट ताठ होतो हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं, फिजिओच्या मॅडमनी शिकवलं. मनात आकडे मोजत जायचं. चाळीस पन्नासपर्यंत गेलं की आत काहीतरी सुटल्यासारखं होतं आणि पाय एकदम मऊ पडतो. मग दुसरा. कधी कधी दुसरा सुटेपर्यंत पहिला परत आखडलेला असतो. या सगळ्यात ती तोंडातनं आवाज काढत नाही, साडीचा पदर दातात धरते, पलीकडच्या खोलीत पोरं झोपलेली असतात म्हणून. अशा दोन फेऱ्या, वाईट रात्री चार. सकाळी तिला डबा करायचा असतो आणि मला सौद्याला जायचं असतं.

याला डॉक्टर स्पास्टिसिटी म्हणतात. गोळ्या आहेत, नाही असं नाही. बॅक्लोफेन आहे, टिझॅनिडिन आहे, रात्रीला गॅबापेंटिन दिलंय, काही जणांना बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. पण बॅक्लोफेन वाढवलं की तिचे पाय इतके ढिले पडतात की उभंच राहता येत नाही, आणि हे लोकांना सांगून पटत नाही की त्या ताठपणावरच ती थोडीफार उभी असते, सगळाच ताठपणा घालवला तर ती खाली बसेल. टिझॅनिडिननं दिवसभर गुंगी. एप्रिल मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीला गेला की एमएसवाल्यांचं सगळंच बिघडतं, अंग तापलं की नसांचं काम अजून मंदावतं, तेव्हा ओली चादर पायावर टाकून बसायचं. आणि एक महत्त्वाचं, जे कुणी सांगत नाही: आखडणं अचानक वाढलं तर आधी लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, कुठं जखम किंवा रुतणारी चप्पल बघायची. हे आम्ही दोनदा चुकलो, गोळ्या वाढवत बसलो आणि कारण लघवीत निघालं.

एवढं सगळं करून सुद्धा काही पेशंटचे पाय ऐकत नाहीत. तुमच्या चौकटीतला खरा भाग या लोकांच्या कामाचा आहे.

ब्रिटनमध्ये जून २०१० ला गांजाच्या अर्काच्या सॅटिव्हेक्स नावाच्या स्प्रेला मंजुरी मिळाली, शास्त्रीय नाव नॅबिक्सिमॉल्स. कॅनडात तो त्याच्याही आधी, २००५ ला, एमएसच्या नसांच्या दुखण्यासाठी आला होता. काचघरात ठरावीक जातीच्या झाडांच्या कलमा वाढवून त्याच्यापासनं अर्क काढतात, आणि एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी, दरवेळी तेवढंच. तो ओढायचा नसतो, जिभेखाली नाहीतर गालाच्या आत मारायचा. सुरुवात एक फवाऱ्यापासनं, हळूहळू वाढवत जायचं, दोन फवाऱ्यांत किमान १५ मिनिटं अंतर आणि दिवसाला १२ च्या वर नाही. टीएचसी म्हणजे गांजातला ज्यानं नशा होते तो भाग, सीबीडीनं तशी नशा होत नाही, या दोघांना आणि यांच्या भाऊबंदांना मिळून कॅनाबिनॉइड म्हणतात.

हे पायाचं आखडणं कसं कमी करतं ते मला समजलं ते पुराच्या भाषेत, आणि सांगलीकरांना ते लगेच कळेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात आयर्विन पुलावर पाणी ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी, मग खालनं वर निरोप जातो की बाबांनो कोयनेतला विसर्ग कमी करा. पाणी वरनं खाली येतं पण 'बास' हा निरोप खालनं वर जातो. नसांमध्ये पण अगदी असंच आहे. एक पेशी दुसरीला संदेश सोडते, फार झाला की घेणारी पेशी स्वतः एक पदार्थ तयार करून उलटा पाठवते आणि तो सोडणाऱ्या पेशीवरच्या सीबी-१ नावाच्या कुलपात बसून सांगतो, बास, कमी कर. असा एक पदार्थ १९९२ साली इस्रायलमध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृतातल्या आनंदवरनं. टीएचसी पण त्याच माणसानं १९६४ ला सहकाऱ्याबरोबर वेगळं काढून दाखवलं होतं. एमएसमध्ये मेंदूकडनं पायाला आवर घालणाऱ्या तारा तुटलेल्या असतात, विसर्ग सुरूच राहतो, टीएचसी त्याच कुलपात बसून तो थोडा खाली आणतं. २००० साली उंदरांवर हे दाखवलं गेलं, एमएससारखा आजार केलेल्या उंदरांचे आखडलेले पाय कॅनाबिनॉइड दिल्यावर सैल पडले.

आणि हे ज्ञान परदेशातनं आलेलं नवं काही आहे असंही नाही. ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कलकत्त्याला होता, त्यानं इथल्या वैद्य हकिमांकडनं ऐकून गांजाचा अर्क धनुर्वाताच्या पेशंटना दिला आणि झटके कमी झाले असं १८३९ साली लिहून ठेवलं. धनुर्वात काय आणि एमएस काय, दुखणी वेगळी, पण आखडणारा स्नायू तोच.

आता 'बरा होतो' या शब्दांकडं येतो. बरा होत नाही. ब्रिटनमध्येच ४९३ पेशंटवर तीन वर्षं प्रयोग केला, ज्यांचा आजार हळूहळू वाढत चाललेला होता अशांना गोळीतनं टीएचसी दिलं, आणि २०१३ ला निकाल आला की आजाराची वाढ थांबली नाही. माझ्या बायकोला सहा महिन्यांनी रिटक्सिमॅबची सलाईन लागते ती आजार रोखायला, आणि ती कुठल्याही तेलानं चुकवता येत नाही. कॅनाबिनॉइडचा उपयोग लक्षणापुरता, पायाच्या ताठपणाला, थोडा दुखण्याला, झोपेला.

आणि लक्षणालाही किती, हे पण सरळ सांगितलं पाहिजे. २००३ साली ब्रिटनमध्येच साडेसहाशेच्या वर एमएस पेशंटवर मोठी चाचणी झाली. डॉक्टरांनी हातानं पाय वाकवून ताठपणा मोजला, त्याला ॲशवर्थ स्केल म्हणतात, आणि त्यात खऱ्या औषधात आणि खोट्या गोळीत म्हणावा असा फरक निघाला नाही. पण पेशंटना विचारलं तेव्हा औषधवाले जास्त संख्येनं म्हणाले की आखडणं कमी झालंय, दुखणं कमी झालंय. बरेच जण म्हणतात हा मनाचा खेळ, टीएचसी घेतलं की डोकं हलकं होतं, पेशंटला कळतं की आपल्याला खरं मिळालंय आणि तो बरं वाटतंय म्हणतो. ही शंका रास्त आहे, मी ती उडवून लावत नाही. पण संपादक साहेब, सकाळी अकराला ओपीडीत, फॅनखाली, टेबलावर झोपवून वाकवलेला पाय आणि रात्री दोनला गादीवर आखडलेला पाय, दोन्ही मी स्वतःच्या हातानं वाकवलेत. ते एकच पाय वाटत नाहीत. ओपीडीत डॉक्टर म्हणतात ठीक आहे की, आणि ती माझ्याकडं बघते. मग मोजमाप कुणाचं धरायचं, पाच मिनिटं पाय हातात धरणाऱ्याचं का रात्रभर त्या पायात राहणारीचं? पुढच्या चाचण्यांमध्ये म्हणूनच पेशंटकडनं रोज शून्य ते दहा आकडा घेतला. २०१२ ला २७९ जणांच्या एका चाचणीत १२ आठवड्यांनी अर्कवाल्यांपैकी २९.४ टक्के लोकांना ताठपणात आराम पडला आणि खोट्या औषधावर १५.७ टक्के. म्हणजे बघा, दहातल्या तिघांना. सात जणांना नाही. चमत्कार नाही पण ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नाही त्यांच्यात तीन म्हणजे थोडे नव्हेत. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात २५ चाचण्या आणि ३७६३ पेशंट एकत्र करून बघितले, तिथं पण हेच आलं, नॅबिक्सिमॉल्सनं ताठपणा जाणवण्याइतका कमी झालेल्यांची संख्या बहुतेक वाढते.

मला सगळ्यात पटली ती ब्रिटनची देण्याची पद्धत. सरकारी दवाखान्यांत कुठलं औषध द्यायचं ते सांगणाऱ्या त्यांच्या नाइस या संस्थेनं २०१४ ला हा स्प्रे देऊ नका सांगितलं होतं, किमतीच्या मानानं परवडत नाही म्हणून. नोव्हेंबर २०१९ ला बदल केला. ताठपणा मध्यम ते जास्त असेल आणि बाकीच्या औषधांनी भागत नसेल तर चार आठवडे देऊन बघा, शून्य ते दहाच्या आकड्यात किमान २० टक्के फरक पडला तर चालू ठेवा, नाही पडला तर बंद, आणि कंपनीनं गुण आला तरच पैसे घ्यायचे अशा योजनेच्या अटीवर. म्हणजे ८ चा ६.४ झाला तरच पुढं. आमच्या हळदीत कसं, वाण बघून, हातात मोडून, मग सौदा, पोतं न उघडता कोण पैसे देतो?

आता आमचं काय झालं ते सांगतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात दोन महिने सलग तिची झोप नव्हती, माझीही नव्हती, आणि मी ऑनलाइन एक तेल मागवलं. विजया म्हणजे भांगेच्या पानाचा अर्क, आयुर्वेदिक लायसन्सवर विकतात, फोनवर एका डॉक्टरनी तीन चार मिनिटं बोलून चिठ्ठी दिली आणि १० मिलीची बाटली २८०० रुपयाला घरपोच आली. लेबलवर अर्क किती मिलिग्रॅम ते होतं, त्यात टीएचसी किती आणि सीबीडी किती ते नव्हतं. पहिल्या दोन रात्री काही फरक नाही. तिसऱ्या रात्री थेंब घेऊन तास झाला तरी काही नाही म्हणून मीच म्हटलं अजून थोडं घे. पोटातनं घेतलेलं चढायला तास दीड तास, कधी दोन तास लागतात हे मला तेव्हा माहिती नव्हतं. रात्री ती वॉकर धरून बाथरूमला गेली, घेरी आली आणि नळाच्या कट्ट्यावर हनुवटी आपटली. चार टाके. पहाटेपर्यंत घाबरल्यासारखी एकच वाक्य परत परत बोलत होती, मला ओळखत होती पण नीट नाही. दुसऱ्या दिवशी न्यूरो डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून बघितली आणि एवढंच विचारलं, यात टीएचसी किती आहे? मला सांगता येईना. हनुवटीवरची खूण अजून आहे आणि दुसरे थेंब मी दिले होते.

डॉक्टरांनी तेव्हा जे समजावलं ते सगळ्या एमएसवाल्या घरांनी ऐकावं असं आहे. कॅनाबिनॉइडनं चक्कर, थकवा, तोंड कोरडं, तोल जाणं हे होतंच आणि एमएसच्या पेशंटचा तोल आधीच गेलेला असतो. ज्यांना स्वतःला किंवा घरात स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार आहे त्यांना टीएचसी धोक्याचं. काही गोळ्यांबरोबर, रक्त पातळ करायच्या वॉर्फरिनबरोबर, फिटच्या काही औषधांबरोबर सीबीडीचं पटत नाही. ओढण्याचं तर नकोच, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या विद्यापीठानं २०१२ ला ३० पेशंटवर ओढून करून बघितलं, ताठपणा कमी झाला पण डोकं पण मंद झालं, आणि एमएसमध्ये विसराळूपणा मुळातच असतो. आणि तेल सुरू केलं म्हणून बॅक्लोफेन स्वतःच्या मनानं एकदम बंद करायचं नाही, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तुमची चौकट वाचून कुणी हेच केलं असंल तर काय, या विचारानं मला त्या दिवशी खरंच झोप आली नाही.

म्हणजे आमच्यापुढं आज दोन वाटा आहेत. एक, काय आहे ते माहिती नसलेली बाटली. दुसरी, चोरून गांजा. होय, तोही सल्ला मिळालाय, महाशिवरात्रीला भांग पितातच की, वहिनींना जरा द्या, काय होतंय. आपल्या जिल्ह्यात उसाच्या सरीत लावलेली झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, आता तर एमडी या नशेच्या पावडरीच्या कारखान्यांमुळं नाव अजून खराब झालंय, आणि पोलीस ते बंद करतात ते बरोबरच करतात, माझी पण पोरं कॉलेजच्या वयाला येतायत. माझी मागणी गांजा मोकळा करा अशी नाहीच.

माझी मागणी तिसऱ्या वाटेची आहे आणि ती कायद्यात आधीच लिहिलेली आहे. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, त्याचं कलम ८ काढून बघा, सगळ्याला बंदी आहे पण वैद्यकीय आणि शास्त्रीय कारण सोडून. पुतण्यानं ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. याच कायद्याच्या जाचामुळं मॉर्फिन कॅन्सरच्या पेशंटना वर्षानुवर्षं मिळत नव्हतं, एका औषधासाठी चार पाच लायसन्सं, दवाखाने म्हणायचे नकोच ते. मग २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली, अत्यावश्यक अमली औषधं असा वेगळा गट केला आणि नियम देशभर सारखे केले. मॉर्फिन अफूपासनं येतं म्हणून कुणी आज कॅन्सरच्या पेशंटला अफीमबाज म्हणत नाही. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात मतदान झालं, गांजाला सगळ्यात कडक यादीतनं काढायचं का, २७ विरुद्ध २५ मतांनी ठरलं काढायचं, आणि आपल्या भारताचं मत काढायच्या बाजूनं होतं. दोन मतांनी ठरलेल्या गोष्टीत आपलं एक मत होतं! उत्तराखंडात २०१८ पासनं कमी टीएचसीच्या भांगेच्या शेतीला परवाना आहे, धागा आणि बियांसाठी. जम्मूला सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या संस्थेत औषधासाठी गांजावर संशोधन चालू आहे. कापडाला चालतं, बियांच्या चटणीला चालतं, मग रात्री आखडणाऱ्या पायाला का चालत नाही?

मी मिरजेत, सांगलीत, पुण्याला लक्ष्मी रोडला औषध दुकानांत विचारून आलो, हा स्प्रे कुठं मिळत नाही. दोन ठिकाणी तर नाव काढल्यावर दुकानदारानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी पैसे न देता पळालोय. डॉक्टर पण दबकतात, त्यांचंही बरोबर आहे, लिहून दिलं आणि उद्या चौकशी लागली तर कोण उभं राहणार? केंद्रानं एवढं करावं: न्यूरोच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, बाकी औषधं वापरून झालेल्या एमएस पेशंटसाठी हे ठरलेल्या मापाचं औषध मागवायला एकच अर्ज आणि एकच खिडकी, आणि दोनचार सरकारी दवाखान्यांत आपल्या लोकांवर रीतसर चाचणी. आपल्या उन्हात, आपल्या खाण्यावर, आपल्या वजनाच्या बायकांना किती फवारे लागतात ते आपणच मोजायला पाहिजे ना. आणि अर्क विकणाऱ्यांना लेबलवर टीएचसी, सीबीडी किती ते छापायची सक्ती करा, निदान टाके पडायचे वाचतील. आमच्या खासदार आमदारांना माझी हात जोडून विनंती आहे की एमएसचे पेशंट मतांच्या हिशोबात थोडे असतील, पण प्रत्येक पेशंटमागं एक घर रात्री जागं असतंय.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी ही बातमी छापाल तेव्हा मथळ्यात 'बरा होतो' लिहू नका, 'काहींचा ताठपणा कमी होतो' लिहा, आणि शेजारी गांजाच्या पानाचं चित्र टाकू नका. त्या चित्रामुळं माझी बायको हा पेपर पाहुण्यांसमोर उघडत नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली पाठवा, पण नाव नको घालायला, पोरीची सोयरीक व्हायचीय अजून. म्हणून नाव छापू नये ही विनंती.

न्यूरो डॉक्टरांनी टाके काढले त्या दिवशी सांगितलं होतं की रोज सकाळी उठल्यावर रात्रीच्या ताठपणाला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि लिहून ठेवायचा. दुकानातली एक कोरी खतावणी घरी आणली, तारीख मी घालतो, आकडा ती सांगते, मी मध्ये बोलत नाही. चारशेच्या वर ओळी झाल्यात. ६, ७, ७, ८, ५, ७. काल ७. औषध ज्या दिवशी येईल त्या दिवशी चार आठवड्यांत फरक पडला का नाही ते सांगायला आमचा मागचा हिशोब तयार आहे.

आपला नियमित वाचक,
एक दिवाणजी, मार्केट यार्ड, सांगली